सोसायटीचं लॉन, मशीनचा गंजलेला लिव्हर आणि करंगळीची तीन पेरं

आमच्या सोसायटीचं लॉन साधारण साडेपाच हजार स्क्वेअर फुटाचं आहे, पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ते जवळपास मेलं होतं आणि कमिटीने ते पूर्ण उकरून नवीन टाकायचं कोटेशनसुद्धा मागवलं होतं. शेवटी ते उकरावं लागलं नाही. मी शेतकी कॉलेजात शिकलेली, पुढे नोकरी बँकेत केली, पण मातीचं वेड काही सुटलं नाही. त्या वर्षभरात काय झालं, आम्ही काय मोजलं, कुठे चुकलो हे सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण आसपासच्या तीन-चार सोसायट्यांत अगदी हेच चाललेलं मला दिसतंय आणि प्रत्येक ठिकाणी दोष पाण्याला नाहीतर किडीला दिला जातोय.

आधी गवत कुठलं ते सांगते. आमच्याकडे सिलेक्शन वन आहे, म्हणजे आपल्या हरळीच्याच जातीचं, फक्त बारीक पानाचं आणि दाट वाढणारं. बिल्डरने आठ वर्षांपूर्वी टाकलं तेव्हा खाली बांधकामाचा राडारोडा, त्यावर मुरूम आणि वर काही इंच लाल माती एवढंच होतं. पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांची हीच गोष्ट आहे, त्यामुळं मुळांना खाली जायला मुळातच जागा कमी. तरी पहिली पाच-सहा वर्षं लॉन उत्तम होतं. मुलं खेळायची, गणपतीत मांडव पडायचा, मांडव निघाला की महिन्याभरात खड्ड्यांच्या खुणा बुजून जायच्या.

मग मेंटेनन्सचा कॉन्ट्रॅक्टर बदलला. पूर्वी माळीमामा सोसायटीच्या थेट पगारावर होते, रोज यायचे, थोडं थोडं काहीतरी करत राहायचे. नवीन कॉन्ट्रॅक्टमध्ये मामा तेच राहिले, पण त्यांना आणखी चार सोसायट्या दिल्या गेल्या आणि आमच्याकडे लॉन कटिंग पंधरा दिवसांतून एकदा असं ठरलं. पंधरा दिवसांनी येऊन कापायचं तर ते अगदी बुडातून कापायचं, म्हणजे पुढचे पंधरा दिवस बघायला नको, हा हिशोब कागदावर कुठेही नव्हता पण सुपरवायझरच्या डोक्यात पक्का होता. आणि खरं सांगायचं तर आम्हा राहणाऱ्यांनाही ते आवडायचं, कापल्या कापल्या दोन दिवस कसं गालिच्यासारखं सपाट दिसतं.

दोन वर्षं असं चाललं. दुसऱ्या उन्हाळ्यात लॉन पिवळं पडलं, मध्ये मध्ये टक्कल पडल्यासारखे पॅच आले, त्या पॅचमध्ये आधी आंबोशी आणि दुधाणी आली, मग लव्हाळा आला. स्प्रिंकलर चालू केला की पाच मिनिटांत पाणी पेव्हर ब्लॉकच्या वाटेवर वाहून यायचं आणि जमीन मात्र बोटभर खाली कोरडी ठणठणीत. कोणी म्हणालं कीड लागली, फवारणी झाली. कोणी म्हणालं खत कमी पडतंय, भर उन्हात युरिया फेकला, त्याने चट्टे आणखी करपले. कोणी म्हणालं एसटीपीचं, म्हणजे सोसायटीतच शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं, पाणी वाईट आहे. आणि एक काका प्रत्येक मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारायचे, "अहो हरळी आहे ही, शेतकऱ्याने सात पिढ्या उपटली तरी मेली नाही, ती आपल्याकडेच कशी मरते?"

मला त्या सगळ्या चर्चेत हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटला. खरंच, कशी मरते?

मी एप्रिलच्या शेवटी एका सकाळी खुरपं, सहा इंची पट्टी, एक लांब स्क्रूड्रायव्हर आणि दोन्ही बाजूंनी कापलेला पत्र्याचा डबा घेऊन खाली गेले. मामा त्या दिवशी आलेले होते. त्यांना म्हटलं मामा, आज कापू नका, आधी बघू. त्यांनी मला सरळ पंपरूमच्या मागे नेलं. तिथे जाळीच्या कडेने दीड-दोन फुटांची पट्टी आहे जिथे मशीन जात नाही, मामा महिन्यातून कधीतरी कात्रीने वरवर छाटतात. तिथलं गवत हिरवंगार होतं, चांगलं चार बोटं उंच. जात तीच, माती तीच, पाणी तेच एसटीपीचं. मामा म्हणाले, "ताई, हे मी कवाधरनं बघतोय. पण इचारतंय कोण."

दोन्हीकडून पोळीएवढा तुकडा काढला. लॉनच्या मधल्या भागात मुळं जेमतेम दीड इंच, तपकिरी, हलवली तर तुटून हातात येणारी. पंपरूममागच्या तुकड्यात मुळं पाच इंचांपर्यंत गेलेली, पांढरी आणि खाली मुरमालाही चिकटलेली, दोन गांडुळंही निघाली. स्क्रूड्रायव्हर इकडे हाताच्या जोराने मुठीपर्यंत गेला, तिकडे मधल्या भागात दोन इंचांवर अडला. डबा दोन्हीकडे थोडा ठोकून बसवला आणि इंचभर पाणी ओतून घड्याळ लावलं. पंपरूमच्या मागे अकरा मिनिटांत जिरलं. मध्ये पाऊण तास झाला तरी तळाशी पाणी होतं, मग मी थांबले. आता यात एक गोम आहे ती आधीच सांगते, पंपरूमच्या मागे कोणी चालतही नाही, त्यामुळे सगळा फरक कापण्याचाच आहे असं म्हणता येत नाही, तुडवण्याचाही आहे. हे लक्षात ठेवूनच पुढचं केलं.

मग मशीन बघितलं. वायरवालं रोटरी मशीन, बाजूला उंची बदलायचा लिव्हर, पाच खाचांचा. लिव्हर सगळ्यात खालच्या खाचेत गंजून अडकलेला होता. मामांनी सुपरवायझरला सांगितलं होतं, त्याने "चालतंय ना, चालू द्या" म्हटलं होतं. प्लग काढून मशीन पार्किंगच्या सपाट फरशीवर ठेवलं आणि फरशीपासून पात्याच्या टोकापर्यंत पट्टीने मोजलं, पाऊण इंच भरलं. पातं इतकं बोथट की कडेवर बोट फिरवलं तरी काही होत नव्हतं. कापलेल्या गवताची टोकं बघितली तर ती कापलेली नव्हतीच, फाटलेली होती, पांढरट, दोऱ्याचं टोक सुटावं तशी. अशा टोकांतून पाणी जास्त उडतं आणि लांबून सगळं लॉन राखाडी दिसतं. याला आम्ही दोन वर्षं "पाणी कमी पडतंय" म्हणत होतो.

आता मूळ मुद्दा, आणि हा मला नीट सांगायचाय, कारण कमिटीला पटवताना याच्यावरच सगळं अडलं होतं. गवताचं पान खालून वाढतं, टोकाकडून नाही, म्हणून गाय चरली किंवा मशीन फिरलं तरी ते परत येतं, झाडाचा शेंडा खुडला की जे होतं ते गवताचं होत नाही. पण परत येण्यासाठी जे अन्न लागतं ते पानातच तयार होतं, आणि पान नसेल तर हरळी आपल्या जमिनीलगतच्या धावत्या फांद्यांमधलं आणि जमिनीखालच्या गाठाळ खोडातलं साठवलेलं अन्न काढून नवीन पान करते. म्हणजे शिल्लक मोडून घर चालवणं. एकदा चालतं, दोनदा चालतं. दर पंधरा दिवसांनी तेच करायचं म्हटलं की शिल्लक भरायला वेळच मिळत नाही, आणि अशा वेळी गवत सगळ्यात आधी हात आखडतं ते मुळांच्या बाबतीत. पान वर येताना दिसतं म्हणून आपल्याला वाटतं लॉन सावरलं, खाली मुळं थांबलेली असतात.

हे मापून दाखवलेलं आहे. १९५५ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने फ्रँकलिन क्रायडर यांचं काम छापलं, त्यांनी वेगवेगळ्या गवतांची पानं वेगवेगळ्या प्रमाणात कापून मुळांची वाढ बघितली होती. एका वेळी ४० टक्क्यांपर्यंत पाला कापला तर मुळं थांबत नाहीत. निम्मा कापला तर थोडीच थांबतात. पण ६० टक्के कापला की साधारण निम्मी मुळं थांबतात आणि ८० टक्क्यांवर सगळीच्या सगळी, आणि ती थांबलेली मुळं पुन्हा चालू व्हायला कित्येक दिवस जातात. जगभर लॉनवाले जो एक-तृतीयांशाचा नियम सांगतात, म्हणजे एका कटिंगला उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही, त्याच्यामागे हे आहे.

आता आमचा हिशोब घाला. पावसाळ्यात पंधरा दिवसांत आमचं गवत तीन इंच सहज होतं. ते पाऊण इंचावर आणायचं म्हणजे पाऊण हिस्सा, ७५ टक्के, एका फटक्यात. आणि ते नुसत्या उंचीचे टक्के झाले, हरळी उंच वाढली की पानं सगळी वरच्या बाजूला जातात आणि खाली नुसत्या काड्या राहतात, म्हणजे प्रत्यक्षात हिरवं जवळपास सगळंच जात होतं. दर पंधरा दिवसांनी. दोन वर्षं.

उलट बाजूने बघितलं तर ते आणखी स्पष्ट होतं, आणि माझ्या मते याच एका गोष्टीवर सगळं प्रकरण उभं आहे. पाऊण इंच उंची ठेवायला हरकत नाही, हरळीला ती सोसते, पण मग तिसऱ्या हिश्श्याच्या नियमाने गवत सव्वा इंचाच्या आतच असताना कापायला यायला पाहिजे, म्हणजे पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी. दीड इंच ठेवलं तर सव्वादोन इंच झाल्यावर यायचं, म्हणजे पाच-सहा दिवसांनी. किती उंच ठेवायचं हा प्रश्न आणि किती दिवसांनी कापायचं हा प्रश्न वेगळे नाहीतच. आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक गोष्ट पैशावरून ठरली होती आणि दुसरी गंजलेल्या लिव्हरवरून, आणि दोन्ही एकमेकांशी जुळतात का हे कोणी बघितलंच नव्हतं.

मे महिन्याच्या मीटिंगमध्ये एकांनी विम्बल्डनचं उदाहरण दिलं, तिथे तर गवत ८ मिलिमीटरवर कापतात मग तिथे कसं मरत नाही. चांगला प्रश्न होता. तिथे स्पर्धेच्या दिवसांत रोज कापतात, म्हणजे रोज अगदी किंचित. गवत वेगळं, २००१ पासून तिथे पूर्ण रायग्रास आहे, मशीन पण वेगळं, रोलरवालं, कात्रीसारखं कापणारं. आणि एवढं करूनसुद्धा दोन आठवड्यांत बेसलाइनची माती उघडी पडलेली आपण टीव्हीवर बघतोच, स्पर्धा संपली की कोर्टं नव्याने पेरून उभी करतात. तेवढी माणसं आणि तेवढा वेळ असेल तर खुशाल ८ मिलिमीटर ठेवावं.

मामांनी हीच गोष्ट त्यांच्या भाषेत सांगितली ती कमिटीला जास्त पटली. मामा बार्शीकडचे. ते म्हणाले, "मेंढरं रानात बसवून पुढं नेली तर रान उठतं, त्याच रानात रोज सोडली तर रान उठत न्हाय." आणि त्या काकांच्या हरळीच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. शेतात हरळी मरत नाही कारण नांगराने तिचे तुकडे होतात, पण प्रत्येक तुकड्यात साठा भरलेला असतो आणि दोन मशागतींच्या मध्ये तिला पानं करायला भरपूर दिवस मिळतात, शिवाय माती भुसभुशीत मिळते. आम्ही तिला यातलं काहीच देत नव्हतो.

मातीचं काय होतं ते वेगळं सांगायला हवं, कारण लोक गवताकडे बघतात आणि माती विसरतात. पान विरळ झालं की ऊन थेट मातीवर. मी मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी अडीच वाजता स्वयंपाकघरातला टोचायचा थर्मामीटर दोन इंच खाली घालून बघितला, टकलाच्या जागी ४१ डिग्री आणि पंपरूमच्या मागच्या दाट गवताखाली ३३. एवढ्या तापलेल्या मातीत उथळ मुळं टिकत नाहीत आणि ओल वरच्या वर उडून जाते. मग वळवाचा पाऊस आला की थेंब उघड्या मातीवर आपटतात, मातीचे बारीक कण सुटे होऊन भोकं बुजवतात, वर पापुद्रा धरतो आणि पुढचं पाणी वाहून जातं. मुळं मेली की त्यांनी केलेल्या वाटा बुजतात, मुळांतून झिरपणाऱ्या साखरेवर जगणारे जीवाणू कमी होतात, गांडुळांना खायला उरत नाही. माती घट्ट होते, घट्ट मातीत मुळं आणखी उथळ राहतात. आणि उघड्या मातीवर ऊन पडलं की वर्षानुवर्षं पडून असलेलं आंबोशीचं, घोळीचं, दुधाणीचं बी रुजतं. म्हणजे तण आलं म्हणून गवत गेलं नव्हतं, गवत गेलं म्हणून तण आलं होतं.

तर जूनमध्ये आम्ही असं ठरवलं की नवीन लॉन टाकायच्या आधी एक पावसाळा द्यायचा. पेव्हर ब्लॉकच्या वाटेने लॉनचे दोन भाग पडतातच, दोन्ही भागांवर वर्दळ साधारण सारखी. गेटकडचा भाग जुन्या पद्धतीने, पंधरा दिवसांनी, पाऊण इंच. क्लबहाउसकडचा भाग दीड इंच, आणि गवत सव्वादोनला आलं की कापायचं मग दिवस कितीही होवोत. पाणी, खत दोन्हीकडे सारखं, माती दोन्हीकडे जशी आहे तशी ठेवली, मुद्दामच. मशीनचा लिव्हर रॉकेल आणि ग्रीस घालून एका दुपारी सुटला. पात्याला धार लावून आणली आणि पुढे दर महिन्याला लावायची ठरवलं. लिव्हरवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, ते इंच नसतात, फरशीवर ठेवून मोजा. शिवाय मऊ जमिनीत चाकं थोडी रुततात, त्यामुळे फरशीवर मोजलेल्यापेक्षा कटिंग थोडं खालीच होतं, आम्ही ते धरूनच एक खाच वर ठेवली.

आणि कापलेलं गवत उचलायचं बंद केलं. हे बऱ्याच जणांना पटत नाही. पूर्वी प्रत्येक कटिंगला चार-पाच पोती भरून घंटागाडीत जायची. थोडं थोडं कापलं की तुकडे बारीक असतात, त्यात ऐंशी टक्के पाणीच असतं, दोन-तीन दिवसांत मातीत दिसेनासे होतात आणि त्यांच्यातला नत्र परत मातीला मिळतो, लॉनच्या वर्षाच्या गरजेपैकी पाव हिस्सा सहज. आम्ही एका हाताने पोत्यात भरून नत्र बाहेर पाठवत होतो आणि दुसऱ्या हाताने युरिया विकत आणत होतो. फक्त संततधार पावसात ओल्या गवताचे गोळे पडतात, ते मात्र दंताळ्याने पसरवून टाकायचे नाहीतर खालचं गवत कुजतं.

जुलैमध्ये गडबड झाली. मामा आषाढीला पंढरपूरला गेले आणि तिथून पेरणीच्या कामाला गावी थांबले, मिळून चौदा दिवस. मी पण त्या वेळी मुलीकडे नाशिकला होते. त्या काळात गवत चार इंचांवर गेलं, मग कोणीतरी तक्रार केली आणि बदली माणूस येऊन त्याने सवयीने लिव्हर सगळ्यात खाली टाकून दोन्ही भाग एका दिवसात भुईसपाट केले. मी परत आले तेव्हा लॉन तांबूस, नुसत्या काड्या. मला इतकं वाईट वाटलं की दोन दिवस मी खाली गेलेच नाही.

पण झालं असं की त्या अपघातानेच सगळ्यात जास्त शिकवलं. दोन्ही भाग एकाच दिवशी एकाच मापाने सोलले गेले होते, पाऊस दोन्हीकडे तोच. क्लबहाउसकडचा भाग, ज्याला फक्त पाच आठवडे नीट कापलं होतं, तो अकराव्या दिवशी हिरवा झाला. गेटकडच्या भागाला तेवीस दिवस लागले आणि तीन पॅच तर आलेच नाहीत, तिथे लव्हाळ्याने जागा घेतली. एकाकडे साठा होता, दुसऱ्याकडे नव्हता, दुसरं काही कारण मला दिसत नाही. यावरून एक सांगते, गवत हाताबाहेर वाढलं तर एकदम खाली आणू नका. चार इंच असेल तर आधी पावणेतीनवर, मग चार-पाच दिवस थांबून पावणेदोन-दोनवर, मग दीडवर. वेळ लागतो पण लॉन तांबडं पडत नाही.

ऑगस्टच्या शेवटी पुन्हा तुकडे काढले. क्लबहाउसकडे मुळं साडेतीन इंचांपर्यंत, गेटकडे दीडच्या आसपासच. डब्यातलं पाणी क्लबहाउसकडे बावीस मिनिटांत जिरलं, गेटकडे अजूनही अर्ध्या तासाच्या वर. फरक चांगला होता, पण पंपरूमच्या मागच्या अकरा मिनिटांच्या जवळपासही नव्हता. म्हणजे जे मी आधीच म्हटलं होतं तेच, तुडवून घट्ट झालेली माती नुसती उंची वाढवून सुटत नाही. सप्टेंबरमध्ये ओल असताना पूर्ण लॉनवर गार्डन फोर्कने वीतभर अंतरावर भोकं पाडून घेतली आणि वर चाळलेलं कंपोस्ट आणि वाळू पातळ पसरली. ते दोन माणसांचं तीन दिवसांचं काम होतं. गेटकडचा प्रयोगही तिथेच थांबवला, सगळं लॉन दीड इंचावर.

काही गोष्टी उंचीने सुटल्या नाहीत त्या पण लिहिते. लव्हाळा गेला नाही, त्याच्या गाठी खोल असतात, तो ओल असताना गाठीसकट काढत राहावा लागतो. आंबोशी आणि दुधाणी मात्र दाट गवतात स्वतःहून खूप कमी झाली. गुलमोहराखाली आम्ही अडीच इंच ठेवून बघितलं, तिथे पान जास्त असलेलं बरं कारण ऊन कमी मिळतं, पण सिलेक्शन वनला ऊन हवंच, तिथे ते विरळच राहिलं, आता त्या जागी सावलीत चालणारं रुंद पानाचं बफेलो लावलंय आणि ते तीन इंचांवर ठेवतो. आणि मुलांची गेटपासून झोपाळ्यापर्यंतची तिरकी पायवाट होती, तिथे शेवटी पाच फरशा टाकल्या, मुलं काही वाट बदलणार नाहीत.

अजून एक. उंच म्हणजे जितकं उंच तितकं चांगलं असं अजिबात नाही. हरळीच्या जातीचं गवत फार उंच ठेवलं तर काडीदार होतं, खाली पोकळ होतं, आणि आपल्याकडच्या पावसात पानं दिवसचे दिवस ओली राहून बुरशीचे गोल चट्टे येतात. ऑगस्टमध्ये एका कोपऱ्यात आम्हाला ते आलेच, कारण तिथे कटिंग राहून गेलं होतं. साध्या रोटरी मशीनने आठवड्याला कापणाऱ्या सोसायटीने सिलेक्शन वन दीड इंचाच्या आसपास ठेवावं, दोनच्या वर नेऊ नये, असं माझं मत झालंय.

पैशाचं विचाराल तर कॉन्ट्रॅक्ट बदलून घेतलं, "महिन्यातून दोनदा" काढून "उंचीनुसार" लिहिलं. पावसाळ्यात महिन्याला पाच-सहा कटिंग होतात, थंडीत वाढ मंदावते तेव्हा दोन पुरतात. कॉन्ट्रॅक्टर आधी तयार नव्हता. मग मामांनी दाखवलं की तीन इंच गवत कापून, गोळा करून, पोती भरायला अर्धा दिवस जायचा आणि आता पाऊण इंच छाटून तिथेच सोडायला सव्वा तास लागतो, मशीन अडकत नाही, वायर तापत नाही. माणूस-तास मोजले तर पावसाळ्यात पूर्वीपेक्षा काही जास्त होत नाहीत. फवारणी बंद झाली आणि युरिया निम्म्याने कमी केला. पाणी ऑक्टोबरपासून रोज दहा मिनिटांऐवजी तीन दिवसांनी एकदा पण भरपूर, म्हणजे ओल खाली जाते आणि मुळं तिच्या मागे जातात, हे आधी केलं असतं तर दीड इंचाच्या मुळांना ते झेपलंच नसतं.

या एप्रिलमध्ये मी पुन्हा डबा घेऊन खाली गेले. मधल्या भागात चौदा मिनिटं. मुळं साडेचार इंच, काही मुरमात शिरलेली. थर्मामीटर तेवढ्याच वाजता ३४. नवीन लॉनचं कोटेशन कमिटीने फाइलला लावून ठेवलंय.

पट्टी घेऊन कोण फिरणार म्हणून मामांनी त्यांचं माप काढलंय. करंगळी जमिनीला टेकवून गवतात उभी धरायची. तीन पेरं बुडाली की मशीन काढायचं, एक पेर कापायचं, दोन पेरं ठेवायची. मी त्यांची करंगळी पट्टीने मोजली, सव्वादोन इंचांना एक सूत कमी. बदली माणूस आला तर त्याच्यासाठी मशीनच्या खोलीच्या दारावर खडूने तेवढ्या तीन रेघा काढून ठेवल्यात, आणि लिव्हरची सगळ्यात खालची खाच मामांनी बाइंडिंग वायर गुंडाळून बंद करून टाकलीय.